खणखण : धातूचा नाद आणि मराठीचा कान

मराठीत नाणे खणखणीत असते, कीर्तनकाराचा आवाज खणखणीत असतो, नव्वदीतल्या आजीची प्रकृती खणखणीत असते आणि भर सभेत दिलेले उत्तरही खणखणीत असते. या चौघांना एका विशेषणाखाली आणणारी वस्तू म्हणजे दुकानाच्या फरशीवर पडणारा चांदीचा रुपया. १८३५ मध्ये कंपनी सरकारने आपल्या सगळ्या मुलखासाठी एकच रुपया ठरवला. वजन १८० ग्रेन, म्हणजे एक तोळा. बारा भागांत अकरा भाग चांदी. कथील-शिशाचा खोटा रुपया नजरेला फसवायचा, पण कानाला फसवणे त्याला जड जाई. अंगठ्यावरून उडवून दगडावर टाकला की खरा खणकन वाजे आणि खोटा बद्द वाजे. आज आपण माणूसही ‘वाजवून घेतो’ आणि करारातली अटही. ती भाषा या फरशीवरची आहे.

या पुस्तकाचा सगळा उद्योग एका म्हणण्याभोवती फिरतो. खणखण आणि तिची भावंडे हे पोरखेळाचे शब्द नाहीत. वस्तू अस्सल आहे की नाही, भरलेली आहे की रिकामी, पक्की आहे की कच्ची, हे कानाने ठरवणाऱ्या समाजाची ती परिभाषा आहे. आवाजाचे नाव म्हणून शब्द जन्माला येतो आणि पारखीचा निकाल म्हणून रूढ होतो. नाणे, माठ, वीट, कौल, टाळ, घंटा असा हा प्रवास मग माणसाच्या अंगापर्यंत आणि मनापर्यंत जातो.

शब्दांच्या संग्रहासाठी पेण आणि रोहा हे दोन तालुके धरले. एकीकडे भोगावतीचे पाणी, दुसरीकडे कुंडलिकेचे. मध्ये नागोठणे, आणि हाताच्या अंतरावर सुधागडातले पाली. इथे आगरी, कोळी, कातकरी, कुणबी आणि बाजारपेठेतली पांढरपेशी मराठी शेजारी शेजारी नांदतात. इथे मातीचे काम आहे, कारण गणपतीच्या मूर्तींनी पेणचे नाव देशापरदेशात नेले. इथे लोखंड आहे, डोलवीच्या पोलाद कारखान्याचे आणि रेल्वेच्या रुळांचे. कोकण रेल्वेचा मार्ग रोह्यापासूनच सुरू होतो. आणि इथे देवळांचे, भजनांचे, पालख्यांचे टाळ-घंटांचे जग अजून चालते आहे. दसऱ्यानंतर निघणाऱ्या रोह्याच्या धावीर महाराजांच्या पालखीला पोलिसांची सशस्त्र मानवंदना असते, तिच्याभोवतीच्या वाद्यांच्या कल्लोळात या पुस्तकातले निम्मे शब्द एकाच रात्री ऐकायला मिळतात.

उन्हाळ्याच्या तोंडावर पेणच्या बाजारात माठ घेणाऱ्या बाईकडे नीट पाहावे. ती माठ डाव्या तळहातावर तोलते. उजव्या हाताचे बोट दुमडून त्याच्या पेराने आधी काठाखाली, मग पोटावर, मग बुडाशी ठोकते. दर ठोक्याला माठ थोडा फिरवते आणि गोंगाटात नीट कळावे म्हणून कान जवळ नेते. चारी बाजूंनी खणखण आले तर भावाची बोलणी सुरू होतात. एके ठिकाणी जरी बद्द वाजले तरी माठ खाली ठेवून दुसरा उचलला जातो. विक्रेताही वाद घालत नाही. यामागचे शास्त्र साधे आणि पक्के आहे. नीट भाजलेल्या अखंड माठाच्या भिंती एकसंध कंप पावतात. चीर असेल तर तिच्या दोन्ही कडा एकमेकींवर घासतात आणि कंप तिथेच विरतो. कच्च्या भाजणीची माती मऊ असते, तीही नाद धरत नाही. गवंडी दोन विटा एकमेकींवर आपटून हेच ऐकतो, कौले घेणारा हेच ऐकतो, आणि रेल्वेच्या डब्यांची चाके हातोड्याने ठोकून पाहायची रीतही याच ज्ञानावर उभी आहे. फणसाला मात्र नियम उलटा. तो टणटण वाजला तर कच्चा, बदबद वाजला तर कापायला तयार. म्हणजे नाद चांगला की वाईट हे वस्तूवर ठरते, आणि बोलणाऱ्याला ते पुरते ठाऊक असते.

आता शब्दांच्या घडणीकडे येऊ, कारण मला सर्वांत जास्त आनंद इथे मिळाला. दाराची कडी वाजली तर खटखट, नाणी वाजली तर खणखण. लाकडावर टकटक, लोखंडावर टणटण. ठकठक आणि ठणठण. जोड्या समोरासमोर ठेवल्या की गुपित उघडे पडते. पहिला व्यंजनध्वनी हा आघात आहे. तो दोन्ही शब्दांत सारखा. फरक दुसऱ्या अक्षरात आहे. ‘ट’ किंवा ‘क’ म्हणताना तोंडातली वाट बंद होते आणि आवाज तुटतो, जसा लाकडाचा तुटतो. ‘ण’ म्हणताना तोंडाची वाट बंद असूनही नाकातून नाद चालू राहतो, जसा ठोका थांबल्यावरही धातूत राहतो. आघात आणि अनुनाद, दोन्ही एका अक्षरजोडीत मावले. स्वरही आपले काम करतात. बारीक वस्तूंना इकार-उकार मिळतो: काचेच्या बांगड्यांची किणकिण, पैंजणांची रुणझुण, गोंधळ्याचे तुणतुणे. जाड, जड वस्तूंना अकार आणि महाप्राण मिळतो: घंटेची घणघण, ऐरणीची ठणठण. ज्याने हे ठरवले त्याने व्याकरण वाचले नव्हते. पिढ्यान्‌पिढ्यांच्या कानांनी चुकीचे शब्द गाळून टाकले आणि नेमके ठेवले.

घणघणीचे इथले सर्वांत मोठे उदाहरण पालीला आहे. चिमाजी अप्पांच्या फौजेने १७३९ च्या मे महिन्यात वसई घेतली आणि तिथल्या चर्चमधल्या घंटा महाराष्ट्रभरच्या देवळांत पोचल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली आणि भीमाशंकरची घंटा पुष्कळांनी पाहिलेली असते. पालीच्या बल्लाळेश्वराच्या देवळातली युरोपीय घंटाही याच मोहिमेनंतर चिमाजी अप्पांनी दिलेली. मनोऱ्यावरून साऱ्या वस्तीला हाक द्यायला ओतलेली ही घंटा आता एकेका भाविकाच्या हाताने वाजते. तांब्यात कथील मिसळून केलेले हे कांसे ठिसूळ असते, पण नाद धरून ठेवण्यात त्याला तोड नाही; आपले टाळ आणि झांजाही याच धातुकुळातल्या. पालीच्या घंटेला ‘खणखणली’ असे कुणी म्हणत नाही, ती घणघणतेच. आणि गावोगावच्या शाळेत टांगलेला रुळाचा तुकडा कधी घणघणत नाही, तो ठणठणतो. घंटेला पोट आहे, रुळाला नाही.

वेळ मोजण्याच्या आपल्या शब्दांतही हा नाद मुरला आहे. तास म्हणजे मुळात वाजवायची धातूची थाळी. पाण्यावर सोडलेले, बुडाला भोक असलेले घटिकापात्र चोवीस मिनिटांनी बुडायचे, आणि झालेल्या वेळेची वर्दी तासावर टोल देऊन मिळायची. थाळीचे नाव काळाच्या मापाला चिकटले. आज शाळेतल्या मराठीच्या ‘तासाला’ बसलेल्या मुलाला आपण एका थाळीचे नाव घेतो आहोत याची कल्पना नसते.

नादाचे शब्द नादापाशी थांबत नाहीत, ही या अभ्यासातली सर्वांत श्रीमंत बाजू. ‘ठण’ या एका बीजाचे पाहा. दुखण्यातून उठलेला माणूस ठणठणीत होतो, कारण पक्के भांडे ठणठण वाजते. पण खिसा रिकामा असला तरी ठणठणाट आणि तो खिसेवाला ठणठणपाळ, कारण रिकामे भांडेही ठणठणच वाजते. एका आवाजातून आरोग्य आणि दारिद्र्य असे दोन टोकांचे अर्थ निघाले आणि दोन्ही बरोबर आहेत. पिकलेल्या फोडात ठणका लागतो, कारण दुखणे ठोक्याठोक्याने येते. नाठाळाला ठणकावून सांगावे लागते. शोक करणारा ठणाणा करतो. ‘झण’चेही तसेच. झांजेपासून सुरू होऊन ते पायाला आलेल्या झिणझिण्यांत उतरते आणि तिथून मिसळीच्या झणझणीत तर्रीवर जाऊन बसते. कानाची संवेदना त्वचेला मिळाली, त्वचेची जिभेला. थप्पड सणसणीत असते, विजय दणदणीत असतो, ताप आला की अंग फणफणते, येऊ घातला की नुसती कणकण असते, रागावलेले माणूस तणतणते, वैशाखातले ऊन रणरणते आणि महिनाअखेरीस पैशाची चणचण भासते. यातल्या शेवटच्या काही गोष्टींना आवाजच नाही. तरीही मराठीने त्यांना वाजणाऱ्या शब्दांच्या साच्यात बसवले, आणि ऐकणाऱ्याला ते पटते.

भाषाशास्त्रात अशा शब्दांकडे पाहण्याच्या निरनिराळ्या वाटा आहेत. आपल्याकडचा पहिला वाद यास्काच्या निरुक्तात नोंदलेला आहे. कावळ्याचे नाव त्याच्या आवाजावरून आले आणि पक्ष्यांच्या नावांत हे पुष्कळदा घडते, असे यास्क म्हणतो. औपमन्यव नावाचा आचार्य ते साफ नाकारतो. त्याच्या मते असे अनुकरण नसतेच, प्रत्येक नावाला धातू शोधलाच पाहिजे. पाणिनीने या वादात न पडता अव्यक्त ध्वनीची नक्कल करणाऱ्या शब्दांना आपल्या पाचव्या अध्यायात नियम दिला आणि त्यांची व्याकरणात रीतसर सोय केली. अमरकोशाने तर नादांची वाटणी वस्तूनुसार केली: दागिन्यांच्या आवाजाला एक नाव, वस्त्रांच्या आणि पानांच्या आवाजाला दुसरे, वीणेच्या आवाजाला तिसरे. हीच दृष्टी आमच्याही मांडणीच्या मुळाशी आहे.

अमरकोशाचा विषय निघाला म्हणून रोह्याचे एक नाव घ्यायलाच हवे. चिंतामणराव देशमुखांचे बालपण बहुतांशी रोह्यात गेले. १९४३ मध्ये ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. रुपयातली चांदी १९४० मध्येच निम्म्यावर आली होती. त्यांच्या कारकिर्दीत, १९४७ मध्ये, रुपया निकेलचा झाला आणि नाणे फरशीवर वाजवून घेण्याचे प्रयोजनच उरले नाही. याच संस्कृतज्ञ अर्थवेत्त्याने उतारवयात अमरकोशातल्या निवडक शब्दांवर टिपणांसह पुस्तक लिहिले. नाण्याचा कारभार पाहणारा माणूस शब्दांच्या खजिन्याकडे वळला, याचा रोहेकरांना अभिमान असायला हवा.

मराठी कोशकारांचे ऋण मोठे आहे. शास्त्रीमंडळींनी १८२९ मध्ये सिद्ध केलेला महाराष्ट्र भाषेचा कोश, त्यामागून १८३१ चा आणि पुढे १८५७ च्या सुधारलेल्या आवृत्तीचा मोल्सवर्थचा कोश, यांनी बोलीतले नादशब्द हलके मानून टाकून दिले नाहीत. मोल्सवर्थ पानोपानी अशा शब्दांपुढे अनुकरणाची खूण करतो आणि आवाज कोणत्या वस्तूचा ते सांगायला विसरत नाही. १९३२ ते १९३८ या काळात दाते आणि कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे सात खंड निघाले आणि हा साठा वाढला. व्याकरणकारांचा हात मात्र आखडता राहिला. मोरो केशव दामल्यांच्या १९११ च्या मोठ्या व्याकरणापासून आजच्या शालेय पुस्तकापर्यंत हे शब्द अभ्यस्त शब्दांच्या प्रकारांत येतात, दहा-बारा उदाहरणे दिली जातात आणि धडा पुढे सरकतो. विद्यार्थ्याला प्रकाराचे नाव पाठ होते. खट आणि खण यांत काय फरक, हे त्याला कुणी विचारत नाही, आणि हे मला मनापासून खटकते.

पश्चिमेत फेर्दिनां द सोस्यूर यांच्या १९१६ मध्ये छापलेल्या व्याख्यानांनी शब्द आणि अर्थ यांचे नाते मुळात यादृच्छिक असल्याचे ठसवले, आणि अनुकरणवाचक शब्द कडेला गेले. पण १९३५ मध्ये आफ्रिकेतल्या बांटू भाषांचे अभ्यासक क्लेमंट डोक यांनी अशा शब्दांना स्वतंत्र वर्ग दिला, आणि १९६९ मध्ये मरी एमेनो यांनी दाखवून दिले की नादानुकारी शब्दांची ही विपुलता द्रविड आणि आर्य दोन्ही कुळांत सामायिक असून भारतीय भाषाक्षेत्राची ती ओळख आहे. हा निष्कर्ष मराठीला विशेष लागू पडतो, कारण कानडीशी तिचा शेजार जुना. अन्विता अब्बी यांनी द्विरुक्तीवर केलेले काम याच वाटेवरचे. विलायानूर रामचंद्रन आणि एडवर्ड हबर्ड यांच्या २००१ च्या लेखाने टोकदार आकाराला टोकदार नाव आणि गोल आकाराला गोल नाव देण्याची माणसाची ओढ जगभर चर्चेत आणली. पुढे मार्क डिंगमन्स यांनी एक पायरीक्रम मांडला: भाषा असे शब्द आधी आवाजासाठी घडवते, मग हालचालीसाठी, मग दिसण्यासाठी, मग इतर इंद्रियांसाठी आणि शेवटी मनःस्थितीसाठी. मराठी या जिन्याच्या वरच्या पायरीपर्यंत पोचलेली आहे. खणखण, टणाटण, झणझणीत, ठणका, तणतण ही ओळ एकदा म्हणून पाहावी.

एका प्रश्नाने मात्र आम्हाला फार दिवस गुंतवून ठेवले. नादाचे मर्म ‘ण’मध्ये असेल, तर आगरी आणि कोळी बोलींचे काय? तिथे ‘ण’चा सर्रास ‘न’ होतो. पाण्याचे पानी होते, तसे खणखणीचे खनखन होते आणि ठणठणीचे ठनठन. मग त्यांचे नाणे कमी वाजते का? मुळीच नाही. हिंदीतही खनखन आणि झनझन आहेत आणि तिथल्या कानाला ते पुरेसे वाजतात. यावरून दोन गोष्टी दिसतात. नाद मूर्धन्यात नाही, अनुनासिकात आहे. जीभ टाळूला लागो वा दातांना, नाकातली वाट उघडी असली की झाले. आणि दुसरे, त्या बोलीत खटखट आणि खनखन यांच्यातला विरोध शाबूत असतो, आणि शब्दाला बळ मिळते ते या विरोधातून. ज्या मुलाला शाळेत ‘खनखन’ लिहिले म्हणून लाल शाईची रेघ मिळते, त्याचा कान बिघडलेला नसतो. त्याच्या घरची व्यवस्था तितकीच पूर्ण असते.

हे काम आत्ताच का करायचे, याचे कारण आजूबाजूच्या वस्तूंत आहे. माठाच्या जागी फ्रीजमधली प्लास्टिकची बाटली आली. पितळेच्या भांड्यांना कल्हई लावणाऱ्याची हाक विरळ झाली. एसटीत कंडक्टरच्या दोरीला बांधलेली घंटा एक वाजली की थांबायचे आणि दोन वाजल्या की निघायचे, हे ज्यांना अंगवळणी होते ती पिढी आता नातवंडांना सांगते. बैलांच्या गळ्यातल्या घुंगुरमाळा शर्यतीपुरत्या आणि पोळ्यापुरत्या उरल्या. आवाज हरवला की शब्द लगेच मरत नाही, पण तो आपल्या वस्तूपासून सुटतो. वर्तमानपत्रात अजून ‘फोन खणखणला’ असेच छापले जाते, जरी धातूच्या वाट्या वाजवणारा फोन कुणाच्या घरात नाही आणि खिशातला फोन गाणे म्हणतो. अशा सुटलेल्या शब्दाचा अर्थ पुढच्या पिढीला केवळ सवयीने कळतो, कारणाने कळत नाही. ज्यांनी रुपया वाजवून घेतला, झांजा ओतताना पाहिल्या, रुळाच्या तुकड्यावर शाळा भरवली, ती माणसे आहेत तोवर त्यांना विचारून घेणे भाग आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याचा आनंद जुन्या ग्रंथांइतकाच बाजारातल्या या शब्दांनाही मिळायला हवा. शिवाय आता यंत्रे मराठी ऐकू आणि बोलू लागली आहेत. त्यांना जे शब्दसाठे पुरवले जातात ते बहुतेक छापील मजकुरातून येतात, आणि नादशब्दांचे खरे घर बोलण्यात आहे. इथे आपण आळस केला तर यंत्राची मराठी बद्द वाजेल.

पुस्तकाची मांडणी वर्णानुक्रमाची नाही. शब्द वस्तूंच्या हाती दिले आहेत: धातू, माती, काच, लाकूड आणि फळे, वाद्ये, रेल्वे आणि रस्ता, शेवटी शरीर आणि मन. हवा तो शब्द अक्षरानुसार सापडावा म्हणून सूची जोडली आहे. प्रत्येक नोंदीत आधी आवाज कशाचा आणि कसा निघतो ते सांगितले आहे, मग त्यावरून झालेली क्रियापदे, विशेषणे आणि नामे, आणि मग आलंकारिक वापर. व्युत्पत्तीबाबत हात राखून लिहिले आहे. ‘घण’ हा हातोडा संस्कृत ‘घन’वरून आला हे स्पष्ट आहे, पण घंटेची घणघण तिथूनच आली असे म्हणायला आधार लागतो, दोन सारखे दिसणारे शब्द एका पोटचे असतातच असे नाही. खण हा कपाटाचा, खण हा चोळीचा आणि खणणे हे कुदळीचे, यांना आम्ही या कुळात बसवलेले नाही. पाण्याची खळखळ, पानांची सळसळ आणि पक्ष्यांचे आवाजही बाहेर ठेवले. त्यांना स्वतंत्र पुस्तक लागेल आणि ते कुणीतरी लवकर लिहावे.

आगरी, कोळी आणि कातकरी तोंडून मिळालेली रूपे जशी ऐकली तशीच छापली आहेत. ‘खनखन’ शोधायला वाचकाला ‘खणखण’कडे पाठवलेले नाही. तिची नोंद तिच्या जागी, पूर्ण अर्थासह आहे.